मृदा आरोग्य पोर्टलचं रूप बदललंय. आपल्या मातीची माहिती आता कुठे शोधायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करतात. सभासदांच्या मृदा आरोग्य पत्रिका काढून देणं, त्यावरून खतांचं नियोजन करणं हे त्यांचं काम. केंद्र सरकारचं मृदा आरोग्य पोर्टल नव्या रूपात आल्यापासून त्यांचे जपून ठेवलेले दुवे उघडत नाहीत, काही सभासदांची जुनी कार्डं दिसत नाहीत, गावाचा नकाशा आणि कार्ड यांचा मेळ बसत नाही. शिवाय एकाच आकड्याला पोर्टल 'कमी' म्हणतं आणि जिल्ह्यातली प्रयोगशाळा 'मध्यम'. यातलं खरं काय मानायचं?

कुठल्या बटणावर टिचकी मारायची ते मी सांगणार आहेच, पण ते उत्तर फार टिकाऊ नाही. मेनू पुन्हा बदलतील. त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या: या पोर्टलवर मातीची तीन वेगवेगळ्या जातींची माहिती आहे. पहिली म्हणजे एका नमुन्याचं विश्लेषण, म्हणजेच कार्ड. दुसरी गाव-तालुका पातळीवरची नमुन्यांची मोजदाद, तो डॅशबोर्ड. तिसरी नकाशा, त्यात काही ठिकाणी प्रत्यक्ष मोजलेलं असतं आणि मधल्या जागा अंदाजाने रंगवलेल्या असतात. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ तक्रारी मेनू न सापडल्याच्या नसतातच. एका जातीची माहिती दुसऱ्या जातीची समजून वाचल्यामुळे झालेला तो गोंधळ असतो.

आधी जुन्या कार्डांचं बघू, कारण तुमच्या प्रश्नातला तोच सगळ्यात अवघड भाग आहे. योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगढला सुरू झाली. पहिली फेरी २०१५-१७, दुसरी २०१७-१९. या दोन्ही फेऱ्यांत नमुना शेतकऱ्यागणिक घेतलेला नव्हता, चौकटीगणिक घेतलेला होता. बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरची एक चौकट, जिरायतीत दहा हेक्टरची, आणि एका चौकटीत येणाऱ्या सगळ्या खातेदारांना त्याच एका नमुन्याच्या निकालाचं कार्ड. दहा हेक्टर म्हणजे जवळजवळ पंचवीस एकर. त्यात माळाची मुरमाड पट्टीही येते आणि ओढ्याकाठचं काळं रानही. तेव्हा तुमच्या सभासदाच्या हातात २०१६ चं कार्ड असेल, तर त्यावर नाव त्याचं असलं तरी माती बांधापलीकडची असू शकते. ही चोरी नव्हे. योजनेची रचनाच तशी होती आणि एवढ्या मोठ्या देशात पहिला अंदाज घ्यायला ती चालण्यासारखी होती. २०१९-२० मध्ये आदर्श गाव उपक्रमात प्रत्येक खातेदाराच्या जमिनीचा स्वतंत्र नमुना घ्यायला सुरुवात झाली. पुढे २०२२-२३ पासून योजना राष्ट्रीय कृषी विकास योजनेत 'मृदा आरोग्य आणि सुपीकता' या नावाने सामावली गेली आणि २०२३ मध्ये पोर्टल नव्याने बांधलं गेलं.

म्हणून सल्ला सरळ आहे. जुनी चौकटीतली कार्डं शोधण्यात वेळ घालवू नका. सापडली तर संदर्भ म्हणून ठेवा, खताचा हिशोब त्यावर करू नका. २०१६ चा सेंद्रिय कर्ब (मातीतल्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतला कार्बन) ०.३८ टक्के आणि यंदाचा ०.५१ आला म्हणून सभासदांच्या बैठकीत 'आपली जमीन सुधारली' असं तर अजिबात सांगू नका. चौकटीच्या नमुन्याची आणि स्वतःच्या गटाच्या नमुन्याची तुलनाच होत नाही. कर्ब इतक्या सहजासहजी वाढतही नाही. एकाच शेतात दोन वेगळ्या कोपऱ्यांतून नमुने घेतले तरी एवढा फरक निघतो.

आता नव्या पोर्टलवर कार्ड कसं काढायचं. पत्ता सॉइलहेल्थ डॉट डीएसी डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का, एवढं दर वेळी बघा. जुने जपून ठेवलेले आतल्या पानांचे दुवे टाकून द्या आणि मुखपृष्ठावरून आत जा. नव्या व्यवस्थेची नाळ मोबाईल ॲपशी जोडलेली आहे. नमुना घेणारा माणूस शेतात उभा राहून ॲपमध्ये नोंद करतो, अक्षांश-रेखांश आपोआप टिपले जातात, नमुन्याला क्यूआर कोड मिळतो आणि प्रयोगशाळेतले आकडे त्याच कोडाला येऊन चिकटतात. कार्ड मिळवायची किल्ली म्हणजे नमुना देताना नोंदवलेला मोबाईल नंबर. इथे गंमत होते. गावात नमुने गोळा करताना बऱ्याचदा एकाच हुशार पोराचा नंबर दहा जणांच्या नावापुढे लागतो, नाहीतर शेतकऱ्याने मधल्या काळात सिम बदललेलं असतं. कार्ड 'गायब' असेल तर आधी नंबर कोणाचा दिला होता ते विचारा. पोर्टलशी भांडण नंतर.

नंबर चालला नाही तर जागेवरून शोधावं लागतं: राज्य, जिल्हा, तालुका, गाव. मराठी माणूस इथेच अडकतो. यादी इंग्रजी अक्षरक्रमाने असते आणि आपल्या गावांच्या स्पेलिंगला धरबंध नाही. बीड जिल्हा बी-डबल-ई-डी असाही सापडेल आणि बी-आय-डी असाही. जनगणनेच्या यादीत दुसरं रूप आहे. गोंदिया, बुलढाणा, रायगड यांचंही तेच. औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद-धाराशिव, अहमदनगर-अहिल्यानगर ही जिल्ह्यांची नावं अलीकडे बदलली, तेव्हा एका नावाने सापडलं नाही तर दुसऱ्याने बघा. जुन्या सालाची माहिती जुन्या नावाखाली असू शकते. तलासरी किंवा डहाणूची २०१४ च्या आधीची कुठलीही माहिती शोधत असाल तर ती ठाण्याखाली बघा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. तालुक्यांचं आणखी वेगळंच. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही, कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्येही, शिरूर तर तीन जिल्ह्यांत. गावाच्या नावापुढचं बुद्रुक-खुर्द कधी पूर्ण लिहिलेलं असतं, कधी नुसतं बीके, केएच. वडगाव, पिंपळगाव, निमगाव अशा नावांची रांगच लागते. यावर खात्रीचा उपाय एकच: गावाचा २०११ च्या जनगणनेतला सहा अंकी कोड ग्रामपंचायतीतून किंवा तलाठ्याकडून घेऊन ठेवा. पोर्टल कुठलंही असो, रूप कितीही बदलो, तो कोड बदलत नाही. तुमच्या कंपनीची पंधरा-वीस गावं असतील, एका दुपारचं काम आहे.

कार्ड उघडलं की खताच्या तक्त्याकडे पळू नका. आधी वरचे अक्षांश-रेखांश बघा. माझ्या मते नव्या व्यवस्थेने दिलेली सगळ्यात मोलाची चीज ही आहे आणि तीच कोणी बघत नाही. ते दोन आकडे फोनवरच्या नकाशात टाका. महाराष्ट्रात पहिला आकडा साधारण १५ ते २२ च्या दरम्यान हवा आणि दुसरा ७२ ते ८१ च्या. उलटे टाकलेत तर ठिपका भलत्याच देशात, नाहीतर समुद्रात जाईल. बरोबर टाकल्यावर ठिपका सभासदाच्या गटात पडला तर उत्तम. तो गावच्या चावडीवर, सेवा केंद्राच्या इमारतीवर किंवा एकाच जागी वीस कार्डांचा मिळून पडला, तर नमुने गोळा करून आणून नोंद एका जागी बसून केली असा त्याचा अर्थ. माती त्या शेतकऱ्याचीच असेलही, पण कोणत्या गटातली ते कोणी सांगू शकणार नाही. दशांश चिन्हापुढचे अंकही मोजा. तीन अंक म्हणजे शंभरेक मीटरची अचूकता, चार अंक म्हणजे दहा-अकरा मीटरची. दोन एकराचा तुकडा साधारण नव्वद मीटर बाय नव्वद मीटर असतो, त्याला तीन अंक पुरत नाहीत.

डॅशबोर्डबद्दल लवकर आटोपतो. तिथे राज्यापासून गावापर्यंत खाली उतरता येतं आणि प्रत्येक अन्नद्रव्यापुढे कमी-मध्यम-जास्त, सूक्ष्म अन्नद्रव्यांपुढे पुरेसं-कमतरता अशी वाटणी दिसते. वर्षाचा आणि फेरीचा रकाना आधी नीट लावा, कारण वेगवेगळी सालं मिसळली की चित्र फसवं होतं. आणि हे टक्के नमुन्यांचे आहेत, जमिनीचे नाहीत. गावात चाळीस नमुने आणि त्यातले तीस जस्ताला कमी, म्हणजे 'गावातली ७५ टक्के जमीन जस्ताला कमी' असं होत नाही. ते चाळीस नमुने रस्त्याकडेच्या बागायतदारांचेच असू शकतात. टक्क्यांशेजारी एकूण नमुन्यांची संख्या दिसते ती बघायची सवय लावा. डॅशबोर्डचा खरा उपयोग खरेदीच्या अंदाजापुरता: यंदा कंपनीने झिंक सल्फेट किती मागवायचं, गंधकयुक्त खताकडे वळायचं का, असे प्रश्न. एकट्या शेतकऱ्याचा खताचा हिशोब त्यावरून करायचा नाही.

नकाशाकडे वळू. नव्या पोर्टलमध्ये भौगोलिक माहिती प्रणाली जोडलेली आहे, म्हणून तपासलेल्या नमुन्यांचे निकाल नकाशावर दिसतात. त्याखेरीज भारतीय मृदा व भूमी उपयोग सर्वेक्षण ही केंद्राची संस्था १:१०,००० प्रमाणावर काम करते, तिचे नकाशेही याच घरात आहेत. आणि आपल्या नागपुरात, अमरावती रोडवर, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे. १९७६ पासूनची संस्था. तिचं 'भूमी' नावाचं वेगळं जिओपोर्टल आहे. लोक या तिन्ही गोष्टी एक समजतात. मृदा आरोग्य पोर्टल सांगतं मातीत अन्न किती आहे. ब्युरोचे नकाशे सांगतात माती मुळात कोणती आहे: खोली किती, पोत कसा, उतार, निचरा, चुनखडी. पहिली गोष्ट खतागणिक बदलते, दुसरी तुमच्या-माझ्या हयातीत बदलत नाही. संत्र्याची किंवा डाळिंबाची बाग लावायची की नाही हा प्रश्न दुसऱ्या पोर्टलचा आहे आणि त्याचं उत्तर पहिल्यावर कितीही शोधलं तरी मिळणार नाही.

नकाशा वाचताना प्रमाण बघा. ब्युरोचा महाराष्ट्राचा जुना माती नकाशा १:२,५०,००० प्रमाणावरचा. त्यात एक सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. वर म्हटलेला दोन एकराचा तुकडा त्या नकाशावर अर्धा मिलिमीटरही भरत नाही. पेन्सिलचं टोक टेकवलं तर तो झाकला जाईल. १:१०,००० वर तोच तुकडा नऊ मिलिमीटरचा होतो, तो निदान दिसतो. स्क्रीनवर नकाशा कितीही मोठा करता येतो म्हणून माहिती बारीक होत नाही. सुपीकतेच्या रंगीत नकाशांत दोन नमुन्यांच्या मधली जागा गणिताने भरलेली असते. तुमचं शेत नमुन्याच्या ठिपक्यापासून किती लांब आहे यावर त्या रंगाची किंमत ठरते. कार्ड आणि नकाशा यांचा मेळ बसत नाही, असं तुम्ही लिहिलंत. ठिपक्याची जागा बरोबर असेल तर कार्डावर विश्वास ठेवा, नकाशाचा रंग बाजूला ठेवा.

कृषी पदवीचे विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक. प्रकल्पासाठी बरेच जण नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या इस्रिक संस्थेचं सॉइलग्रिड्स वापरतात. जगभराची माहिती, २५० मीटरचा चौकोन, दोन मीटर खोलीपर्यंत सहा थर. चांगलं साधन आहे, पण एक चौकोन सव्वासहा हेक्टरचा, म्हणजे पंधरा एकरांचा, आणि आकडे संगणकीय अंदाजाचे. त्यात सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा) दहाने गुणून साठवलेला असतो, तेव्हा ७८ दिसला तर तो ७.८. सेंद्रिय कर्ब ६० दिसला तर तो ०.६ टक्के. एकक न बघता तक्ता भरलेले प्रबंध दर वर्षी बघायला मिळतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, 'कमी' की 'मध्यम'. इथे पोर्टलही बरोबर असतं आणि प्रयोगशाळाही. देशपातळीवर तीन वर्ग वापरतात. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याखाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम, त्यावर जास्त. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठांची सवय सहा वर्गांची: अत्यंत कमी, कमी, मध्यम, थोडे जास्त, जास्त, अत्यंत जास्त. त्यात ०.४१ ते ०.६० मध्यम धरतात. मग ०.४५ कर्ब पोर्टलवर 'कमी' आणि राहुरी-परभणीच्या पठडीतल्या अहवालात 'मध्यम'. नत्राचं बघा. देशाच्या वर्गवारीत हेक्टरी २८० किलोच्या आत सगळं कमी. आपल्या सहा वर्गांत १४० च्या आत अत्यंत कमी आणि २८० पर्यंत कमी. आपल्या जमिनी बहुतेक याच पट्ट्यात असतात, म्हणून सहा वर्गांना इथे अर्थ आहे. तीन वर्गांत अख्खा मराठवाडा एकाच रंगाचा दिसेल. शब्द सोडा, आकडा धरा. तुमच्या नोंदवहीत वर्गाचा रकाना ठेवूच नका.

पण आकडा धरायचा तर त्याचं एकक धरावं लागतं. खासगी प्रयोगशाळा पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) लिहितात, कार्ड मुख्य अन्नद्रव्यांना किलो प्रति हेक्टर वापरतं. नांगरटीच्या थराचं वजन धरून एक पीपीएम म्हणजे साधारण २.२४ किलो प्रति हेक्टर. स्फुरद १० पीपीएम म्हणजे साडेबावीस किलो, आणि तो चांगला मध्यम आहे; दहा किलो समजलात तर काठावरचा वाटेल. दुसरा खड्डा त्याहून खोल आहे. काही अहवाल स्फुरद मूलद्रव्य म्हणून देतात, काही पी२ओ५, म्हणजे त्याचं ऑक्साइड, म्हणून. मूलद्रव्याला २.२९ ने गुणलं की पी२ओ५ येतं. पालाशाला १.२ ने गुणलं की के२ओ. पोर्टलवरच्या खतमात्रा काढायच्या पानात दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा टाकताना हे तपासलं नाही तर हिशोब दुपटीने चुकतो आणि पान काही कुरकुर करत नाही, निमूटपणे उत्तर देतं.

हे खतमात्रेचं पान तुमच्या रोजच्या कामाचं आहे. तिथे नत्र, स्फुरद, पालाश, कर्ब यांचे आकडे द्यायचे, पीक निवडायचं आणि मात्रा मिळते. मागे दोन पद्धती असतात: माती परीक्षण आणि पीक प्रतिसाद यांच्या समीकरणांवर आधारलेली, नाहीतर सर्वसाधारण शिफारस कमी-जास्त केलेली. समीकरणं ज्या पिकासाठी आणि ज्या मातीवर तयार झाली तिथेच ती चालतात, म्हणून पिकाबरोबर राज्य, जिल्हा, हंगाम, बागायत-जिरायत हे रकाने असतील ते नीट भरा. उद्दिष्ट उत्पादन विचारलं तर स्वप्नातलं टाकू नका, गेल्या तीन-चार वर्षांत जे खरंच निघालं त्याच्या थोडं वर टाका. एकरी तीस क्विंटल सोयाबीन लिहिलं तर ते पान त्याचंही खत काढून देईल.

कार्डावर खतांची दोन मिश्रणं सुचवलेली असतात. त्यातलं स्वस्त कोणतं एवढंच बघून निवडू नका. समजा हेक्टरी ६० किलो स्फुरद द्यायचं आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यायचं तर १६ टक्क्याने ३७५ किलो लागेल, म्हणजे एकरी साधारण १५० किलो, पन्नास किलोच्या तीन गोण्या. डीएपीमधून (डायअमोनियम फॉस्फेट) ४६ टक्क्याने १३० किलो, एकरी जेमतेम ५३. वाहतूक आणि मजुरी डीएपीच्या बाजूने बोलते. पण सुपर फॉस्फेटबरोबर ११ टक्क्यांच्या आसपास गंधक फुकट येतं आणि तुमचा सभासद सोयाबीन किंवा भुईमूग घेणारा असेल, कार्डावर गंधक १० पीपीएमच्या खाली असेल, तर तीन गोण्यांचं ओझं सोसायला हरकत नाही. डीएपी निवडलं तर त्यातून आलेलं साडेतेवीस किलो नत्र युरियाच्या हिशोबातून वजा करा. युरियाची गोणी आता ४५ किलोची आहे, पन्नासची धरू नका. आणि मात्रा हेक्टरी आहे की एकरी, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी वाचा. हेक्टरचं खत एकरात पडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

कार्डावर बारा गोष्टी असतात: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन. काय नसतं हेही माहीत हवं, कारण नवं पोर्टल कितीही धुंडाळलं तरी ते सापडणार नाही. मुक्त चुनखडी नसते. आपल्या काळ्या जमिनीत सामू ८.३, लोह ३ पीपीएम, म्हणजे ४.५ च्या मर्यादेखाली. कार्ड फेरस सल्फेट सुचवेल. पण चुनखडी दहा-बारा टक्के असेल तर जमिनीतून नुसतं टाकलेलं लोह पिकाला लागायच्या आत अडकून बसतं. ऊस पांढरट पिवळा पडला, केवडा आला, तर शेणखतात मुरवून दिलेलं फेरस सल्फेट किंवा पानांवर अर्धा ते एक टक्क्याची फवारणी जास्त कामाला येते. जस्ताची मर्यादा ०.६, बोरॉनची ०.५ पीपीएम, एवढे दोन आकडे पाठच असू द्या.

दुसरी नसलेली गोष्ट म्हणजे विनिमययुक्त सोडियमचं, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमचं प्रमाण. सामू साडेआठच्या वर दिसला की लोक जिप्सम मागायला येतात. सामू चुनखडीमुळे चढला असेल तर जिप्सम टाकून पैसे मातीत जातील. चोपण (सोडियम वाढून बिघडलेली) जमीन की चुनखडीची, हे सोडियम तपासल्याशिवाय कळत नाही. ते १५ टक्क्यांच्या वर असेल तरच जिप्समचा विचार. ही तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. क्षारांचंही तसंच, ते विद्युत वाहकतेवरून कळतात. शिरोळ, मिरज, वाळवा भागातले शेतकरी पुस्तकातली चार डेसिसायमनची मर्यादा धरून कार्डावरचा १.६ बघून निर्धास्त राहतात. पुस्तकातला आकडा संपृक्त मातीच्या अर्काचा असतो, आपल्या प्रयोगशाळा एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून मोजतात. त्या पद्धतीत १ च्या वर गेलं की सावध व्हायचं.

तिसरी गोष्ट खोली. कार्डाचा नमुना वरच्या पंधरा-वीस सेंटीमीटरचा. द्राक्ष, संत्रा, डाळिंब यांच्यासाठी तीस-तीस सेंटीमीटरचे तीन थर वेगळे तपासायला हवेत आणि त्या निकालांची नोंद तुमची तुम्हालाच ठेवावी लागेल.

कोकणातले आणि गोव्यातले सभासद असतील तर वरचं बरंच उलटं होतं. जांभ्या मातीत सामू साडेपाचच्या आसपास, लोह भरपूर, आणि स्फुरद अडकवणारं तेच लोह. गोवा पोर्टलच्या यादीत वेगळं राज्य आहे, हे सीमेवरच्या गावांनी लक्षात ठेवावं. जमीन पेडण्यात आणि घर सावंतवाडीत असेल तर नमुना जमिनीच्या पत्त्यावर शोधा. आम्ल मातीत स्फुरद मोजण्याची पद्धत वेगळी असते, तेव्हा देशावरच्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या दापोलीच्या नमुन्याचा स्फुरद डोळे झाकून घेऊ नका, पद्धत कोणती वापरली ते विचारा.

प्रयोगशाळांच्या यादीचं पान सोपं आहे, जिल्हा निवडला की नावं येतात. त्यात जिल्ह्याच्या स्थायी प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्रं, विद्यापीठं, फिरत्या गाड्या आणि अलीकडच्या गावपातळीवरच्या छोट्या प्रयोगशाळा असं सगळं असतं. छोट्या संचावर सामू आणि मुख्य अन्नद्रव्यांचा अंदाज बरा मिळतो. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी मात्र ज्यांच्याकडे अणुशोषण यंत्र (अगदी थोडी धातूंची मात्राही मोजणारं उपकरण) आहे अशी मोठी प्रयोगशाळाच गाठा. यादीत नाव आहे म्हणून नमुने घेऊन निघू नका, आधी फोन करा: कोणत्या तपासण्या सध्या चालू आहेत, निकाल पोर्टलवर चढवतात का, किती दिवस लागतात.

आणि तुमची स्वतःची नोंदवही आजपासून सुरू करा, साध्या एक्सेलमध्ये. गावाचा कोड, गट क्रमांक, सातबाऱ्यावरचं नाव, नमुना घेतल्याची तारीख, आधीचं पीक, अक्षांश-रेखांश, प्रयोगशाळा, पद्धत, एकक, बारा आकडे, आणि कार्डाची पीडीएफ त्याच गट क्रमांकाच्या नावाने. कार्ड निघालं त्याच दिवशी उतरवून घ्या. नमुने रब्बी निघाल्यावर, शेणखत पडायच्या आधी घेतलेत तर खरिपाच्या खरेदीपर्यंत निकाल हातात असतील आणि पुढच्या फेरीतही त्याच महिन्यात, त्याच ठिपक्यांवर घेता येतील.